इंचाला बारा टाके

मास्तरांच्या हातांना डोक्याची गरज लागत नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर चौथ्याच दिवशी कळलं. त्या दिवशी ते तिच्याशी पहिल्यांदा मनमोकळं बोलायला बसले. लहानपण, वडिलांचं आजारपण, शाळा का सुटली, सगळं सांगितलं. तासाभराने उठले तेव्हा तिच्या ओढणीच्या दोन्ही टोकांना बारीक, सरळ, नजर लागावी अशी हातशिलाई घातलेली होती.

"हे कधी केलंत?" तिने विचारलं.

"काय?" मास्तर म्हणाले, आणि बोटांतली सुई बघून तेही दचकले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. अकराव्या वर्षी चुलत्यांच्या दुकानात त्यांना जमिनीवर बसवलं गेलं आणि पहिला धडा कापण्याचा नाही की मापाचा नाही, मुडपण्याचा मिळाला. कापडाची कापलेली कड दोनदा दुमडायची, नखाने दाबायची, टीप मारायची. चुलते म्हणत, "उघडी कड आणि उघडं तोंड, दोन्हींतून घरची अब्रू बाहेर पडते." आणि दुसरं म्हणत, "उघडी कड बसून राहत नाही रे, ती चालायला लागते." हे दुसरं वाक्य ते टपलीसकट म्हणत, त्यामुळे ते जास्त पक्कं बसलं. दुकान पुढे मास्तरांचं झालं. जिन्याखालची चिंचोळी जागा, कापायचा फळा, पायमशीन, तडा गेलेला आरसा, बटणांचे डबे. चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्या दुकानातून एकही उघडी कड रस्त्यावर गेली नाही. इंचाला बारा टाके, ना अकरा, ना तेरा.

दुकानाबाहेरही हे वेड सुटत नसे. एकदा छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर छातीला नळी लावून म्हणाले, "मास्तर, मोठा श्वास घ्या." मास्तरांनी श्वास घेतला आणि सोडता सोडता म्हणाले, "घेतो, पण तुमच्या कोटाचा खिसा सव्वा इंच वर हवा होता. कुणी शिवला हा?" डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि कोटही देऊन टाकला.

असा हा माणूस उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघाला.

गल्लीतले अकरा पुरुष आणि सहा बायका अशी सतरा जणांची तुकडी जमली होती. म्होरके होते टीसी. रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. मशिदीतसुद्धा शेजारच्याकडे ते असं बघत की त्याचा हात आपोआप खिशाकडे जाई. त्यांनी उमऱ्याच्या नियमांची छोटी पुस्तिका तोंडपाठ केली होती आणि दर शुक्रवारी सगळ्यांना बसवून ते तिच्यावर प्रश्न विचारत.

त्या पुस्तिकेतला एक नियम मास्तरांच्या काळजात जाऊन बसला होता. काब्याच्या यात्रेला जाताना पुरुषांनी इहराम नेसायचा. म्हणजे दोन पांढरी कापडं, एक कमरेला, एक खांद्यावर. न शिवलेली. बायकांना नेहमीचे कपडे चालतात. पुरुषाच्या अंगावर मात्र राजा असो की हमाल, शिलाई नको.

"म्हणजे तिथे शिंप्याची गरजच नाही," मास्तर रात्री जेवताना बायकोला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "विचार कर. त्रेपन्न वर्षं लोकांना झाकत आलो. एकदा तरी अशा ठिकाणी उभं राहायचं जिथे माझं काही काम नाही."

"जेवा आता," बायको म्हणाली. "आणि टेबलाच्या कापडाचा दोरा सोडा."

सतरांपैकी एका माणसासाठी मात्र हा नुसता प्रवास नव्हता. समोरच्या दुकानातले घड्याळवाले चाचा. डोळ्याला भिंग, तोंडाला कुलूप. दिवसातून दोन वाक्यं बोलले तर गल्लीत बातमी होई. त्यांचं जाणं दोनदा ठरून दोनदा मोडलं होतं. पहिल्यांदा बायको अंथरुणाला खिळली, सहा वर्षं. ती गेल्यावर पुन्हा ठरवलं, तर त्यांचंच हृदय बिघडलं. या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "जा. पण एकदाच. आणि लवकर."

चाचा मास्तरांच्या दुकानात आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कापड तू काप."

"चाचा, शब्द देतो," मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "तुमच्या उमऱ्यात माझ्याकडून एक सूतसुद्धा वाकडं जाणार नाही."

चाचांनी मान हलवली आणि गेले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी टीसींनी जाड पांढऱ्या सुती कापडाचं अख्खं ठाण मास्तरांच्या फळ्यावर आणून टाकलं. अकरा पुरुषांची बावीस कापडं कापायची होती.

"फक्त कापायचं," टीसी बोट उगारून म्हणाले.

"मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो. तुमच्या हातांना सांगतोय." टीसींनी खडू उचलला, आरशावर मोठ्या अक्षरांत 'शिवायचे नाही' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि गेले.

मास्तरांनी बावीस कापडं कापली. कात्री एकदाही अडखळली नाही. कापडांची चळत मशीनशेजारी रचून ते घाम पुसायला बसले. बसायला दुकानात एकच जागा होती, मशीनपुढचं स्टूल. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. पहिलं बाळ, चार महिन्यांचं. बाळ चांगलं गुटगुटीत होतं, सगळी काळजी आईलाच होती. ती आधी अम्मीला फोन करी. अम्मी "काही होत नाही" म्हणून दोन मिनिटांत ठेवून देई. मग ती अब्बांना लावी, कारण अब्बा ऐकून घेत.

"अब्बा, तो डाव्या कुशीवरच झोपतो."

"झोपू दे की."

"पण उजव्या कुशीचं काय?"

 मास्तरांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. डोकं एका बाजूने चपटं होईल का, दात वेळेवर येतील ना, शिंक आली ती साधी की कशाची, आणि अब्बा तुम्ही इतक्या लांब चाललात, विमानात पाणी पीत राहा, गर्दीत अम्मीचा हात सोडू नका. मास्तर "हं" म्हणत होते, "अगं नाही" म्हणत होते, मधूनच "तू पण अशीच झोपायचीस" असा धीर देत होते. फोन संपला तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती.

मास्तरांनी मान मोकळी केली. समोर बावीस कापडं व्यवस्थित घड्या घालून ठेवलेली होती. त्यांनी अकरा गठ्ठे केले, प्रत्येकावर चिठ्ठी खोचली. दिव्याखालच्या डब्यात पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं कमी दिसली. उंदीर, असं त्यांनी ठरवलं आणि दुकान बंद केलं.

विमानतळावर सामान जमा झालं, झडती झाली, सगळे आतल्या मोठ्या दालनात पोचले. विमानाला चार तास होते. टीसींचा बेत असा की पुरुषांनी इथेच इहराम नेसून घ्यायचा. मीकात नावाची एक हद्द असते. ती ओलांडायच्या आत इहरामात असावं लागतं, आणि विमान ती हवेतच ओलांडतं. "ऐन वेळी विमानाच्या संडासापुढे अकरा जणांची रांग नको," टीसी म्हणाले.

टीसी आपला गठ्ठा घेऊन आधी आत गेले आणि तसेच बाहेर आले. त्यांच्या हातात कापडाचं एक टोक होतं. ते त्यांनी असं धरलं होतं जसं पूर्वी खोटा पास धरत असावेत.

"मास्तर, हे काय?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "मुडप."

"कुणी घातली?"

मास्तरांनी टोक उजेडाकडे धरलं. माणूस आपलं अक्षर ओळखतो तशी त्यांनी टीप ओळखली. इंचाला बारा. शेवटाला उलटी टीप मारून पक्की केलेली. 

"मीच," ते म्हणाले. "पण मी नव्हतो तिथे."

भराभर सगळे गठ्ठे सुटले. बावीस कापडं, प्रत्येकाची दोन टोकं, चव्वेचाळीस कडा. एकही सुटली नव्हती. कुणी कपाळावर हात मारला, कुणी नुसताच "मास्तर!" म्हणाला. टीसी पुस्तिका काढून पान शोधू लागले, पण त्यांना पान शोधायची गरज नव्हती.

"न शिवलेले. स्पष्ट लिहिलंय. शिवलेलं नेसून गेलं तर दंड पडतो. आणि मला विचाराल तर उमराच शंकेत. दंड म्हणजे काय ते मला सांगू नका, मी बत्तीस वर्षं लोकांकडून घेतलाय."

मास्तरांना हे काहीच ऐकू आलं नाही. ते चाचांकडे बघत होते. चाचा एका खुर्चीवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. एकदाच. आणि लवकर. त्या एकदाच्या मध्ये आता मास्तरांच्या दोन रिळांचा दोरा आडवा आला होता.

"उसवू या," मास्तर म्हणाले. "चार तास आहेत. आत्ता उसवू."

"कशाने?" टीसींनी विचारलं.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मास्तरांची कात्री, सुया, उसवणीचं हत्यार, सगळं मोठ्या बॅगेत, आणि बॅग विमानाच्या पोटात. वीस पावलांवर झडतीच्या जागी काचेची एक मोठी पेटी होती. तिच्यात प्रवाशांकडून काढून घेतलेल्या कात्र्या गच्च भरलेल्या, निदान दोनशे. मास्तर पेटीपुढे जाऊन उभे राहिले, जसा उपाशी माणूस खानावळीच्या काचेपुढे राहतो.

"एक द्या हो, अर्ध्या तासासाठी," ते शिपायाला म्हणाले. "इथेच तुमच्यासमोर वापरतो."

"काका, ती धारदार वस्तू आहे."

"धार नसलेली बघून द्या. ती तिसरी, निळ्या मुठीची. तिला धार नाही, इथूनच दिसतंय."

शिपायाने त्यांना हळूच खांद्याला धरून मागे फिरवलं.

मग जे सुरू झालं ते त्या दालनाने पूर्वी पाहिलं नसेल. अकरा भारदस्त माणसं, बहुतेक पांढऱ्या दाढीची, एका ओळीत बसून मांडीवर कापडं घेऊन दोरे उपसू लागली. कुणी किल्लीने, कुणी दात कोरायच्या काडीने, कुणी चष्म्याच्या दांडीने. बायका समोरच्या रांगेत बसून बघत होत्या.

"या माणसाला माझ्या बाहीची उसवण शिवायला चाळीस वर्षांत वेळ मिळाला नाही," मास्तरांची बायको इतरांना सांगत होती. "आणि नको तिथे बघा, एका दुपारी चव्वेचाळीस! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." असं म्हणत तिने डोक्यातल्या चार पिना काढून नवऱ्याच्या हातात ठेवल्या. "घ्या. आणि आधी चाचांचं करा."

"नख तुटलं माझं!" ओळीतून कुणीतरी ओरडलं. "टीसी, इहरामात नख तोडलेलं चालत नाही ना?"

"नियत, यात्रेचा संकल्प, अजून झालेली नाही," टीसी पुस्तिकेत न बघता म्हणाले. "आत्ता हवी तेवढी तोडा."

टीप काही हलत नव्हती. टीसी घामाघूम झाले. "काय माणूस आहात! कसली टीप मारलीय ही? तासभर झाला, चार बोटं सुटली नाहीत!"

"शुक्रिया," मास्तर सवयीने म्हणाले.

"मी कौतुक करत नाहीये!"

"हो हो, चुकलं." पण मास्तरांना ते जरा कौतुकच वाटलं होतं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली. एकीकडे ते मनात दुआ करत होते की टीप सुटो, दुसरीकडे कुणाची एखादी पटकन सुटली की त्यांना वाटे, इथे दोरा कच्चा लागला वाटतं.

विमानतळाची एक अधिकारी बाई येऊन उभी राहिली. "तुमचं काय चाललंय? कसला निषेध आहे का?"

"उसवतोय," टीसी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"शिवल्याबद्दल."

बाईने थोडा विचार केला, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. जरा वेळाने एक परका प्रवासी बॅगेची तुटलेली चेन घेऊन आला आणि मुकाट्याने ओळीच्या शेवटी बसून राहिला. त्याला वाटलं इथे दुरुस्ती होते.

विमानाची घोषणा झाली तेव्हा नऊ जणांचं उसवून झालं होतं. कडांना दोऱ्यांच्या झालरी लोंबत होत्या. मास्तरांनी स्वतःच्या कापडांना हातच लावला नव्हता. सगळा वेळ ते चाचांच्या कापडावर होते. खांद्यावरचं कापड मोकळं झालं. कमरेच्या कापडाचं एक टोकही सुटलं. शेवटच्या टोकाशी उलटी टीप आडवी आली. घाईत मास्तरांनी ती दातात धरून ओढली, आणि कापड टर्रकन वीतभर फाटलं.

ओळीतले सगळे हात थांबले.

मास्तरांनी चाचांकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण चेहरा टपली खायला तयार असलेल्या अकरा वर्षांच्या पोराचा. "चाचा, माझं घ्या. माझं फाटलेलं नाही."

"शिवलेलं आहे," टीसी म्हणाले.

"मग?" मास्तर म्हणाले. 

चाचा उठले. मास्तरांच्या मांडीवरचा न उसवलेला गठ्ठा त्यांनी उचलला, उलटून पाहिला, टिपेवरून अंगठा फिरवला. तीस सेकंद फिरवला. मग तो गठ्ठा घेऊन नेसायला गेले. मास्तरांसाठी उरला तो चाचांचा फाटका, एका बाजूने शिवलेला.

विमानात मास्तर चाचांशेजारी बसले. फाटलेल्या जागेची त्यांनी गाठ मारली होती, ती सारखी चाचपत होते. मीकात अर्ध्या तासावर आल्याची घोषणा झाली. टीसी उठून उभे राहिले आणि जाहीर केलं की ज्यांचं उसवलंय त्यांनी नियत करावी, उरलेल्या दोघांबद्दल आपण काही बोलत नाही.

"चाचा," मास्तर हळू म्हणाले. "अजून अर्धा तास आहे. पिना आहेत माझ्याकडे. एक कड तरी काढतो."

चाचांनी त्यांचा हात बाजूला केला. "किती वर्षं समोर बसतोस?"

"एकतीस."

"एकतीस वर्षांत माझ्या काखेला तू शिवलेलं काही टोचलं नाही. आज टोचेल?" आणि मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, ते लब्बैक म्हणाले. हजर आहे, मी हजर आहे.

मास्तरही म्हणाले. पण त्यांचा आवाज गाठीत अडकल्यासारखा निघाला. सहप्रवाशांना वाटलं भक्तीने भरून आलंय. बायकोला माहीत होतं की हा माणूस हिशेब करतोय, आपल्यामुळे चाचांची एकमेव खेप फुकट गेली तर आपण कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर शटर उघडणार.

उतरल्यावर त्यांना घ्यायला यात्रेवाल्यांचा मार्गदर्शक आला होता. तरुण मौलवी, हातात नावाची पाटी, डोळ्यांत चार रात्रींची झोप. त्याने सलाम केला आणि नऊ जणांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. शेवटी टीसींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दोन्ही आरोपींना पुढे केलं.

"हे दोघे शिवलेल्यात आलेत. आम्ही नऊ जण स्वच्छ आहोत."

मौलवीने चाचांच्या कापडाची मुडप पाहिली. मग नऊ जणांच्या झालरी पाहिल्या. एकाची झालर गुडघ्यापर्यंत पोचली होती.

"हे सगळं तुम्ही हाताने उसवलंत?"

"दातानेसुद्धा," टीसी अभिमानाने म्हणाले.

मौलवीने पाटी तोंडापुढे धरली. पाटी हलायला लागली. बराच वेळ हलत राहिली. तोंडापुढून काढली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो काका, न शिवलेलं म्हणजे अंगाच्या मापाने बेतून शिवलेलं नको. सदरा नको, विजार नको, बाही नको. कडेला मुडप घातली तर काय बिघडतं? कापड कापडच राहतं."

"पण पुस्तिकेत—"

"तुमच्या कमरेचा पट्टा बघू."

टीसींनी खाली पाहिलं. पट्ट्याला चारी बाजूंनी जाड शिलाई होती, खिसा शिवलेला होता. बाकीच्या आठांनीही आपापल्या पट्ट्यांकडे पाहिलं. एकाचा हात पट्टा सोडायला गेला.

"सोडू नका!" मौलवी घाईने म्हणाला. "चालतो! पट्टा चालतो, सगळं चालतं, फक्त आता कुणी काही सोडू नका."

मास्तर मटकन बॅगेवर बसले. "म्हणजे चाचांचं?"

"चाचांचं कापड या सगळ्यांत चांगलं आहे," मौलवी म्हणाला. "कुणी शिवलं?"

 चाचांनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

पुढे जे झालं त्याचा इशारा चुलत्यांनी कधीच देऊन ठेवला होता. उघडी कड बसून राहत नाही. संध्याकाळी सगळे तवाफला गेले. काब्याभोवती सात फेऱ्या, डावा खांदा काब्याकडे ठेवून, माणसांच्या संथ पुरातून. मास्तर चाचांच्या दंडाला धरून कडेकडेने चालत होते. चाचा दर फेरीला थांबून दम घेत. पहिल्याच फेरीत टीसींच्या खांद्यावरच्या कापडाचा सुटलेला दोरा पुढच्या एका धिप्पाड परदेशी माणसाच्या पिशवीच्या बकलात अडकला. तो माणूस लांब ढांगा टाकणारा. कापड जाड विणीचं, आडवा दोरा काठाशी वळून पुन्हा आडवा जाणारा, न तुटणारा. तो निघतच राहिला. दोन हात, दहा हात, वीस हात. टीसींना ते कळलं तेव्हा त्यांचं कापड चार बोटं आखूड झालं होतं.

दोरा तोडावा तर हातात येईना. हाक मारावी तर भाषा कळेना. मग टीसी त्या माणसाच्या मागे झपाझप चालू लागले. पहिल्या तीन फेऱ्यांत पुरुषांनी जोमाने चालावं असं आहेच, तुकडीतल्या बायकांनी त्यांना पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा, या वयात काय उत्साह! नाहीतर आमचे." टीसी मास्तरांना मागे टाकून गेले, पुन्हा मागून आले, पुन्हा पुढे गेले, दर खेपेला अंगावर कापड थोडं कमी.

चौथ्या फेरीत मास्तरांच्या छातीला काहीतरी आडवं लागलं. पांढरा, ताणलेला दोरा. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि क्षणात ओळखला: आपल्याच ठाणातला. त्यांनी डावीकडे पाहिलं, दोऱ्याच्या एका टोकाला निर्विकार चालणारा धिप्पाड माणूस. उजवीकडे पाहिलं, दुसऱ्या टोकाला धापा टाकणारे टीसी, खांद्यावर रुमालाएवढं उरलेलं. मास्तरांनी दोरा बोटाला एक वेढा दिला आणि शिंपी तोडतो तसा, झटका न देता, तोडला.

टीसींनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत तिकीट मागणं नव्हतं, तिकीट नसणं होतं.

"कड," मास्तर एवढंच म्हणाले.

पाचव्या फेरीत गर्दीच्या एका लाटेने चाचांना आणि मास्तरांना आत ढकललं. इतकं आत की काब्यावर चढवलेला काळा गिलाफ मास्तरांच्या समोर आला. मोठमोठ्या पट्ट्या, वर सोन्याच्या तारेची अक्षरं. आणि मास्तरांची नजर गेली ती जायची तिथेच गेली. पट्टीला पट्टी जोडलेली. वरपासून खालपर्यंत सरळ जोड, कुठे चुणी नाही.

"चाचा," ते ओरडले, "शिवलंय!"

"काय?"

"घराला! अल्लाच्या घराला शिवलेलं घातलंय!"

चाचांनी भिंग लावणारा डोळा बारीक करून पाहिलं. दम खात म्हणाले, "मग कुणीतरी शिंपी असेलच की."

मास्तर उभे राहिले. मागून लोक धडकत होते, पुढे ढकलत होते. जिथे आपलं काही काम नाही अशा जागी उभं राहायला म्हणून ते आले होते. काय काय मागायचं त्याची लांबलचक यादी बायकोने पाठ करून घेतली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. आठवलं ते एवढंच, आणि त्यांनी तेच मागितलं: बाळाला उजव्या कुशीवर झोपता येऊ दे.

सातवी फेरी झाली. पुढच्या दोन टेकड्यांमधल्या येरझाऱ्याही चाचांनी पुऱ्या केल्या, शेवटच्या दोन चाकाच्या खुर्चीतून, मास्तरांनी ढकलत. केस कापून झाले. चाचांनी हॉटेलच्या खोलीत इहराम उतरवला, हाताने धुतला, खुर्चीवर वाळत टाकला.

"जपून ठेवतो," ते म्हणाले. "पुढे लागेल."

"चाचा, असं बोलू नका."

"कफन म्हणून चांगलं कापड आहे. फक्त टीप उसवू नका." चाचा पलंगावर आडवे झाले. "तिकडे टीसी विचारायला नसणार."

एका दिवसात इतकी वाक्यं. मास्तरांची बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिने पटकन तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या खोलीचं दार वाजलं. बाहेर टीसी, त्यांच्या मागे आठ जण, प्रत्येकाच्या हातात झालरवाली कापडं; टीसींचं खांद्यावरचं तेवढं बाजारातून नवं आणलेलं, तेही उघड्या कडांचं. गुरुवारी दुसरा उमरा करायचा होता.

"मास्तर," टीसी जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमच्या बॅगेत सुई आहे असं कळलं."

छत्तीस कडा. हाताने. मास्तरांनी सुई ओवली, पहिलं कापड मांडीवर घेतलं, कड दुमडली आणि थांबले. हात चालेनात. प्रत्येक टाक्याला वाटे, चालेल ना? तेरा झाले का? सरळ आहे ना? विचार केला की टाका वाकडा जाई. अर्ध्या तासात चार बोटं झाली, तीही उसवावी लागली. नऊ जण भिंतीला टेकून श्वास रोखून बघत होते, त्यामुळे आणखीच घाम फुटला.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी.

बायकोने मास्तरांच्या आधी फोन घेतला. पलीकडून काळजीचा सूर आला, "अम्मी, अब्बा ठीक आहेत ना? आणि अगं, तो रात्री उजव्या कुशीवर झोपला, पण आता डावीकडे वळतच नाही..."

नेहमीसारखं "काही होत नाही" तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. खोलीतल्या छत्तीस कडांवर एक नजर टाकली, फोनचा आवाज मोठा केला आणि तो मास्तरांच्या उजव्या खांद्याशी उशीला टेकवून ठेवला.

"हे घे, अब्बा इथेच आहेत," ती म्हणाली. "सगळं सांग. पहिल्यापासून. काही घाई नाही."

मग तिने नऊ जणांना खुणेने बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.